विश्रामबागवाड्यातली बिऱ्हाडं

ओसरी

राखीपौर्णिमेच्या आठ दिवस आधी आई माझ्या हातात पाकीट ठेवायची आणि म्हणायची, "वाड्यातल्या पोस्टात टाकून ये." आमच्या घरी नुसतं 'वाडा' म्हटलं की तो पुण्यातला विश्रामबागवाडा. मला तो राजवाडा वाटायचाच नाही. बाजीराव रस्त्यावरची गर्दी चुकवत आत शिरायचं, तिकिटाच्या मागे जीभ लावायची आणि परत निघताना पुढच्या लाकडी खांबावरून एकदा हात फिरवायचा. खालून फुगीर, वर निमुळता होत गेलेला सुरूच्या झाडासारखा खांब. बोटं कोरीव पाकळ्यांत अडकायची. कॉलेजात गेल्यावर कळलं की त्या खांबाला सुरूदार खांब म्हणतात आणि तो दुसऱ्या बाजीरावांच्या राहत्या घराचा आहे.

गेल्या महिन्यात भाचीला घेऊन गेले. तिने विचारलं, "मावशी, इथे कोण राहायचं?" मी "पेशवे" म्हणाले आणि पुढे काही सुचेना. पेशवे तिथे राहिले जेमतेम अकरा वर्षं. वाड्याला सव्वादोनशे वर्षं होत आली. मग उरलेली दोनशे वर्षं तिथे कोण होतं? त्याचाच हिशेब मांडायला हा धागा.

पहिलं बिऱ्हाड पेशव्यांचं. शनिवारवाड्याशी दुसऱ्या बाजीरावांच्या घराण्याचं नातं दुखरं होतं. १७७३ मध्ये तिथेच नारायणरावांचा खून झाला आणि त्याचा डाग बाजीरावांच्या वडिलांवर, राघोबादादांवर, कायमचा राहिला. बाजीरावांनी शहरात आणखी वाडे बांधले, त्यांत राहण्यासाठी आवडता हा. बांधायला सहा वर्षं आणि सुमारे दोन लाख रुपये लागले, १८०७ च्या सुमारास वाडा पुरा झाला. तीन चौक, वर दिवाणखाना, दर्शनी बाजूला सागवानी सज्जा. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. पुढच्या वर्षी बाजीराव आठ लाखांच्या तनख्यावर ब्रह्मावर्ताला, म्हणजे कानपूरजवळच्या बिठूरला, गेले. वाडा रिकामा झाला.

दुसरं बिऱ्हाड शास्त्री-पंडितांचं, आणि मला सर्वांत जवळचं हेच वाटतं. पेशवाईत श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. ही प्रथा खंडेराव दाभाड्यांपासूनची, पुढे पेशव्यांनी चालवली. राज्य गेल्यावर त्या पैशाचं काय करायचं हा प्रश्न इंग्रज गव्हर्नर एल्फिन्स्टनपुढे होता. त्यातला काही भाग वळवून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. कृष्णशास्त्री चिपळूणकर याच पाठशाळेत शिकले. मराठीत विरामचिन्हं रूढ करण्याचं श्रेय ज्यांना दिलं जातं ते मेजर कँडी पाठशाळेचे प्रमुख होते. मी आत्ता या वाक्यात स्वल्पविराम देते आहे, त्याचा धागा त्या वाड्यापर्यंत जातो, हे कळलं त्या दिवशी मी खरंच हरखून गेले होते.

१८५१ मध्ये पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज झालं. तेच पुढे डेक्कन कॉलेज. १८६८ मध्ये ते जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या येरवड्याच्या इमारतीत गेलं. वाड्यात हायस्कूल राहिलं. मग १८७९ ची आग, त्यानंतरची दुरुस्ती, १९३० मध्ये नगरपालिकेने एक लाख रुपयांना केलेली खरेदी. पुढची जवळजवळ तीस वर्षं पुण्याचा कारभार इथूनच चालला. १९५० मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली तीही याच वाड्यात असताना. त्यानंतर पोस्ट, लहानसहान कचेऱ्या, 'पुनवडी ते पुण्यनगरी' हे प्रदर्शन.

माझं म्हणणं असं. बाजीरावांच्या काळातला शुक्रवारवाडा १८२० मध्ये जळाला, शनिवारवाडा १८२८ मध्ये, बुधवारवाडा १८७९ मध्ये. विश्रामबाग राहिला, कारण त्यात सतत कुणी ना कुणी राबतं होतं. आता जिकडेतिकडे ऐकू येतं की वाडा पूर्ण मोकळा करा, दोर लावा, संग्रहालय करा. मला ते पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

कसबेकर

फार सुंदर लिहिलंय. पण तुमच्या मांडणीत एक मोठी अडचण आहे. शनिवारवाडा जळाला तेव्हा तो रिकामा नव्हता. पेशवाईनंतर इंग्रज कलेक्टर तिथे राहिला, पुढे त्याच भिंतींत तुरुंग होता. वापर होताच. तरी २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली.

बुधवारवाड्याचंही तेच. त्यात सरकारी कचेऱ्या होत्या. लोकहितवादींच्या पुढाकाराने १८४८ मध्ये सुरू झालेली नेटिव्ह जनरल लायब्ररी, म्हणजे आजचं पुणे नगर वाचन मंदिर, तिथेच होती. माणसांचा राबता भरपूर. १३ मे १८७९ च्या रात्री बुधवार आणि विश्रामबाग दोन्हींना आग लावली गेली. वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड तेव्हा चालू होतं, त्यामुळे संशय आधी तिकडेच गेला. बुधवारवाडा संपला. विश्रामबागचा काही भाग जळाला.

तेव्हा राबता असला की वास्तू वाचते, हे सरळ गणित बसत नाही.

ओसरी

कसबेकर, बरोबर आहे तुमचं. माझं वाक्य घाईचं झालं. 'वापर' या एका शब्दात मी फार काही कोंबलं.

दोन दिवस विचार केला. आग तर तिघांनाही लागली. फरक दिसतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी. १८२८ मध्ये शनिवारवाडा पुन्हा बांधावा अशी गरज कुणाला होती? सरकारला नव्हतीच. तुरुंग दुसरीकडे हलतो. पेठेतल्या माणसाचं तिथे काहीच अडलेलं नव्हतं. १८७९ मध्ये विश्रामबागेत गावातली मुलं शिकत होती. त्यांचं दप्तर दुसऱ्या दिवशी कुठे टेकणार, हा घरोघरचा प्रश्न होता. म्हणून लोकांनी वर्गणी काढली, नगरपालिकेने भर घातली आणि जळालेला भाग उभा राहिला. बुधवारवाड्यात उभं करण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं, हेही मान्य.

म्हणजे नुसता वापर नाही. गावाचं त्या वास्तूवाचून अडलं पाहिजे.

तळखडा

मी जुन्या लाकडी घरांची दुरुस्ती करतो. वडीलही हेच करायचे. माझ्या हाताखालून गेलेल्या गोष्टी सांगतो, वाड्याच्या इतिहासात मला गती नाही.

लाकडी वाडा आगीने मरतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा पाण्याने मरतो. एक कौल सरकतं. पावसाचा थेंब वाशावरून तुळईच्या टोकाशी जातो, जिथे ती भिंतीत शिरलेली असते. ते टोक कुणाला दिसत नाही. तिथे लाकूड ओलं राहतं, मऊ पडतं, मग वाळवी येते. राहत्या घरात आजी ओरडते, "अरे, कोपऱ्यात ठिबकतंय!" आणि कुणीतरी शिडी लावून कौल सारखं करतं. दहा मिनिटांचं काम. कुलूप लागलेल्या घरात तेच ठिबकणं चार पावसाळे चालतं आणि मग आम्हाला बोलावतात तेव्हा अख्खी तुळई बदलावी लागते. म्हणून ओसरीताईंचं म्हणणं मला हाताच्या अनुभवाने पटतं.

पण माणसंही वाड्याला मारतात. खांब थेट जमिनीत नसतो, दगडी तळखड्यावर उभा असतो, म्हणजे ओल वर चढू नये. फरशी बदलताना लोक भरणी घालून जमीन उंच करतात आणि तळखडा गाडला जातो. झालं, खांबाचा पाय ओलीत. भिंतीला चुन्याचा गिलावा असतो, त्यातून ओल सुकून बाहेर पडते. वरून सिमेंट थापलं की ती आतच कोंडते. आणि कचेरी आली की लोखंडी कपाटं येतात. कडीपाट, म्हणजे वरच्या मजल्याची लाकडी जमीन, माणसांचं वजन घेतो, बैठक घेतो, लग्न घेतो. कागदांनी गच्च भरलेल्या कपाटांची ओळ मधल्या खणात ठेवली की तुळई वाकते. मी एका वाड्यात बोटभर वाकलेली तुळई पाहिली आहे. कपाटं हलवली, तरी ती सरळ झाली नाही.

खांबाच्या कोरीवकामावर ऑइलपेंट देतात ते तर बघवत नाही. एकावर एक सहा-सात हात. केळफुलाची पाकळी कुठली आणि खाच कुठली ते बोटाला कळत नाही. तो रंग काढताना एका हस्ताला, म्हणजे तुळईखालच्या कोरीव आधाराला, मला पाच दिवस लागले होते. खालून लाकूड निघालं ते मधाच्या रंगाचं.

बोरीबंदर

मुंबईचं एक उदाहरण देतो, बिऱ्हाडं बदलूनही नीट नांदलेल्या इमारतीचं.

रीगल सिनेमासमोर राज्य पोलीस मुख्यालयाची दगडी इमारत आहे. मान वर करून तिचा त्रिकोणी माथा बघा. तिथे समुद्रदेव नेपच्यून आहे, सोबत जलपऱ्या आणि समुद्री घोडे. पोलिसांच्या कचेरीवर समुद्रदेव कशाला? कारण ती बांधली खलाशांसाठी. रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम. १८७० मध्ये ड्यूक ऑफ एडिंबरो मुंबईत आले तेव्हा पायाभरणी झाली, १८७६ मध्ये काम पुरं झालं. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी मोठी देणगी दिली होती. रचनाकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, ज्यांनी पुढे व्हीटी बांधलं.

१९२८ मध्ये सरकारने ती विधिमंडळासाठी घेतली. जहाजावरून उतरलेले खलाशी जिथे पथाऱ्या टाकायचे तिथे आमदार बसू लागले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, त्यानंतरही आपली विधानसभा तिथेच भरायची. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री म्हणून तिथेच बोलले. १९८१ मध्ये नरिमन पॉइंटचं विधानभवन झालं आणि मग पोलीस आले.

खलाशी, आमदार, पोलीस. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण प्रत्येक वेळी अख्खी इमारत एकाच्याच ताब्यात आली आणि तो तिला आपली मानत होता. मला वाटतं मुद्दा इथे आहे.

काळाघोडा

बोरीबंदर यांच्या शेवटच्या वाक्याची दुसरी बाजू त्यांच्या इमारतीपासून चालत दहा मिनिटांवर उभी आहे. वॉटसन हॉटेल, नंतरचं एस्प्लनेड मॅन्शन.

ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार होऊन जहाजाने इथे आला आणि १८६० च्या दशकाच्या शेवटी काळा घोड्याला जोडला गेला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं भारतात पहिल्यांदा इथे दाखवली गेली. त्याच वर्षी मार्क ट्वेन इथे उतरला होता. हॉटेल बंद पडल्यावर खोल्यांचे गाळे झाले. एका खोलीत दोन, दोनांत चार. समोर सत्र न्यायालय, म्हणून वकिलांची ऑफिसं, खाली झेरॉक्सवाले, टायपिंगवाले. माझे काका तिसऱ्या मजल्यावर एका वकिलांकडे कारकून होते. मी डबा घेऊन जायचो. जिन्यावर दोन माणसं समोरासमोर आली की एकाला भिंतीला चिकटावं लागायचं. मधल्या उघड्या जागेवर काचेचं छप्पर होतं म्हणे. मी पाहिले ते पत्रे.

तिथे राबता कमी होता का? दिवसाला शेकडो माणसं. पण भाडं जुनं, गोठलेलं. त्यात मालकाला दुरुस्ती परवडत नव्हती आणि भाडेकरूला जागा सोडवत नव्हती. प्रत्येकाची आपली खोली, सगळ्यांचा मिळून सज्जा कुणाचाच नाही. २००५ मध्ये तोच सज्जा कोसळला आणि एक जीव गेला. जगातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या २००६ च्या यादीत वॉटसनचं नाव होतं. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने इमारत रिकामी केली गेली.

काकांचा टाइपरायटर आम्ही खाली आणला तेव्हा ते वर बघत उभे राहिले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

कसबेकर

काळाघोडा, वाचून सुन्न झालो.

मग ओसरीताईंच्या मूळ प्रश्नाकडे येतो. मी संग्रहालयाच्या बाजूचा आहे आणि त्यामागचं कारण तळखडा यांनी सांगितलेलं कपाटांचं. कचेरी वाड्याकडे पाहत नाही, जागेकडे पाहते. पंखा हवा, ठोक खिळा. वायर न्यायची आहे, पाड भोक. संग्रहालयात निदान कुणीतरी ती भिंत बघायला येतं.

ओसरी

कसबेकर, भिंत बघायला येतं, पण एकदाच येतं. माझी भाची एकदा आली. पुन्हा कशाला येईल? मी वर्षानुवर्षं गेले, कारण पाकीट टाकायचं असायचं. वाडा बघायला मी कधी गेलेच नाही आणि तरी त्या खांबाची प्रत्येक पाकळी मला पाठ आहे.

कपाटं नकोत, खिळे नकोत, अगदी मान्य. मला कचेरी परत नकोच आहे. माझ्या डोळ्यांसमोर पाठशाळेचं बिऱ्हाड आहे. सतरंजी टाकली, माणसं बसली, उठली, सतरंजी गुंडाळली. वाड्याला काही टोचलं नाही. एक चौक मोडी शिकवायला द्या. एका सोप्यात संध्याकाळी पेठेतल्या मुलांसाठी वाचनाची जागा करा. आसपासच्या जुन्या घरांत अभ्यासाला कोपरा मिळत नाही, हे मी स्वतः भोगलं आहे. आणि पोस्टाची पेटी दारात राहू द्या. प्रदर्शन वरच्या मजल्यावर जरूर असावं. पण रोज येणारं माणूस हवं, ज्याला कोपऱ्यात ठिबकलेलं दिसेल.

तळखडा

ताई, सतरंजीचा वर्ग कडीपाटाला काहीच जड नाही. मोडीच्या वर्गाला मी फुकट येऊन दर उन्हाळ्यात कौलं तपासून देईन. मनापासून सांगतो आहे.

नारायणपेठ_४८

मी या संस्थळावर वाचतो, लिहीत नाही. पण हा धागा वाचून राहवलं नाही.

माझा जन्म १९४८ चा. आजोबा घरपट्टी भरायला विश्रामबागवाड्यात जायचे आणि मला बरोबर न्यायचे. मला वाटतं पहिल्यांदा गेलो तेव्हा मी सहा-सात वर्षांचा असेन. चौकात रांग असायची. आजोबा धोतराचा सोगा हातात धरून उभे राहायचे आणि मला म्हणायचे, "खांबापाशी थांब, हलू नकोस." मी खांबाला मिठी मारून उभा राहायचो. माझे हात पलीकडे पोचायचे नाहीत. लाकूड उन्हाळ्यातही गार लागायचं. गाल टेकवायचो त्या उंचीवर खांब गुळगुळीत झाला होता. म्हणजे माझ्याआधीही पुष्कळ पोरांनी गाल टेकवला असणार. ओसरीताई म्हणतात त्या हायस्कुलातली मुलं असतील, आज पहिल्यांदा सुचलं.

खिडकीमागे काळी टोपी घातलेले कारकून होते. पावतीवर शिक्का मारताना ते आधी हवेत एकदा हात उचलून थांबायचे, मग दाणकन मारायचे. मला तो आवाज फार आवडायचा. आजोबा पावतीची घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवायचे आणि आम्ही तुळशीबागेतून रामाचं दर्शन घेऊन घरी यायचो.

आमचं घर नदीपासून जवळ होतं. दोन चौकी वाडा, सात बिऱ्हाडं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. पाणी माडीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत चढलं आणि ओसरल्यावर दोन दिवसांनी मागची भिंत बसली, तिच्यामागून सगळंच. आम्ही सगळे वाचलो. मातीच्या भिंती, पाणी प्यायल्या की उभ्या राहत नाहीत.

आजोबांची बंडी त्या दिवशी त्यांच्या अंगात होती. खिशातलं पाकीट नंतर वाळत घातलं तेव्हा त्यात १९५७ ची एक पावती निघाली. शाई पसरली आहे, पण घर क्रमांक वाचता येतो.

ओसरी

काका, ती पावती अजून तुमच्याकडे आहे?

नारायणपेठ_४८

आहे. देवघरात पोथीत ठेवली आहे. घर गेलं, त्या घराचा कर जिथे भरला तो वाडा आहे. येत्या रविवारी तुम्ही भाचीला घेऊन येणार असाल तर मी पावती घेऊन येतो. सकाळी दहा वाजता पुढच्या खांबापाशी थांबेन. गुडघे दुखतात, आत कुठे बसायला जागा आहे का तेवढं कुणीतरी सांगा.

तळखडा

काका, मी घडीची खुर्ची आणतो.